तापाचा पहिला दिवस
(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक दिनाच्या व्याख्यानासाठी मधुमेहाचे पथ्य, हृदयविकार, कुपोषण असे सर्वांच्या परिचयाचे विषय निवडण्याची आपली प्रथा आहे. यंदा मात्र कार्यक्रमपत्रिकेवर ‘विषाणूबाधित रक्तपेशींतील जनुकांचे संख्याशास्त्रीय गट’ असे शब्द पाहून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तालुक्याच्या ठिकाणच्या धर्मादाय रुग्णालयाचा असल्या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हांला विचारलाही. तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच हे व्याख्यान आहे. उत्तराची सुरुवात प्रयोगशाळेपासून न करता आमच्याच बाह्यरुग्ण विभागात आमच्याच हातून झालेल्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारा एक तरुण आमच्याकडे आला. अंगदुखी, मळमळ, ताप. केसपेपरवर नेहमीप्रमाणे लिहिले गेले: ताप, दोन दिवस. त्या वेळी त्याचे अंग फारसे तापलेले नव्हते. ताप उतरणीला लागला आहे असे समजून त्याला पॅरासिटामॉलच्या गोळ्या दिल्या, भरपूर पाणी पिण्यास सांगितले आणि दोन दिवसांनी दाखवावयास बोलावले. दुसऱ्या दिवशी रात्री त्याच्या खोलीतील सोबत्यांनी त्याला रिक्षातून आणले तेव्हा हातपाय गार पडले होते, नाडी हाताला जेमतेम लागत होती आणि पोटदुखीने तो कण्हत होता. रक्त घट्ट झाले होते, प्लेटलेट झपाट्याने घसरल्या होत्या. डेंग्यूचा रुग्ण रक्तदाबाच्या ऱ्हासात गेला होता. रात्रभर शिरेतून मोजून मापून द्रव देण्यात आला, पुढे त्याला मोठ्या रुग्णालयात हलविले आणि तो वाचला. तो वाचला याचे समाधान आहे. परंतु त्यात आमच्या शहाणपणाचा वाटा थोडा आणि त्याच्या तरुण वयाचा अधिक, हे कबूल करणे भाग आहे.

चूक कोठे झाली हे त्याच्या सोबत्याच्या बोलण्यातून कळले. “ताप तर त्याला पाच दिवस होता, डॉक्टरसाहेब. पहिले तीन दिवस गोळी घेऊन कामावर जात होता. दोन दिवस झाले, उठवेनासे झाले म्हणून खाडा केला.” त्या तरुणाने आम्हांला खोटे सांगितले नव्हते. ज्याचा रोज बुडतो त्याच्या लेखी आजारपण अंग तापते त्या दिवशी सुरू होत नाही. काम सुटते त्या दिवशी सुरू होते. आम्ही विचारले, “किती दिवस ताप आहे?” त्याने त्याच्या हिशेबाने उत्तर दिले आणि आम्ही ते आमच्या हिशेबाने लिहून घेतले.

डेंग्यूच्या बाबतीत हा हिशेब जीवनमरणाचा आहे. या आजारात तापाच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, म्हणजे नेमका ताप उतरू लागतो तेव्हा, काही रुग्णांच्या केशवाहिन्यांतून रक्तातील द्रव बाहेर झिरपू लागतो. हा धोक्याचा काळ साधारणतः २४ ते ४८ तासांचा असतो. दुसऱ्या दिवशी उतरलेला ताप आणि पाचव्या दिवशी उतरलेला ताप थर्मामीटरवर सारखेच दिसतात, पण त्यांचा अर्थ सारखा नसतो. पहिल्या दिवसाची तारीख चुकली की पुढचे सर्वच चुकत जाते.

ही गोष्ट प्रथम सांगण्याचे कारण असे की, जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांत विषाणूबाधित पेशींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना ज्या अडचणींनी सर्वाधिक चकविले, त्यांपैकी एक नेमकी हीच आहे. ती कशी, हे पाहण्यासाठी आता प्रयोगशाळेत जाऊ.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. प्रथिने बनविण्याची कृती सांगणारी जनुके माणसात सुमारे २०,००० आहेत. मात्र प्रत्येक पेशी सर्व जनुके एकाच वेळी वापरीत नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकात शेकडो कृती असल्या तरी आज घरात काय शिजते आहे हे ओट्याकडे पाहिल्यावरच कळते, तसे पेशीत कोणत्या जनुकाचे काम चालू आहे हे त्या जनुकावरून उतरविलेल्या संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणावरून कळते. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. विषाणूने शिरकाव केला की पांढऱ्या पेशींतील हे चित्र काही तासांत पालटते. इंटरफेरॉन या संरक्षक प्रथिनाच्या इशाऱ्यावर चालणारी अनेक जनुके जागी होतात, दाह वाढविणारी काही जनुके पुढे येतात, काही नेहमीची कामे मागे पडतात.

पूर्वी एका वेळी एकदोन जनुकांचे मोजमाप करता येई. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोॲरे हे तंत्र आले. बोटभर काचपट्टीवर हजारो जनुकांचे ठिपके बसवून सर्वांचे माप एकाच वेळी घेण्याची सोय त्यामुळे झाली. पुढे आरएनएचा क्रमच थेट वाचण्याची पद्धत आली. परंतु मोजण्याची अडचण सुटली आणि समजण्याची अडचण सुरू झाली. साठ रुग्णांचे रक्त तपासले आणि प्रत्येकाची २०,००० जनुके मोजली, तर बारा लाख आकड्यांचा तक्ता समोर येतो. तो नुसता वाचून कोणाला काय कळणार? येथे संख्याशास्त्र मदतीला येते.

संख्याशास्त्रज्ञ या तक्त्याला प्रथम एकच साधा प्रश्न विचारतो: कोण कोणासारखे आहे? कोणती जनुके एकत्र वरखाली होतात, कोणते रुग्ण एकमेकांशी मिळतेजुळते आहेत? जे सारखे ते जवळ ठेवावयाचे, जे वेगळे ते दूर. यालाच आपण गटबांधणी म्हणू.

परंतु ‘सारखे’ म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. सातपाटी हे मोठे मासेमारी बंदर. तेथील मासळीच्या तुलनेत एखाद्या लहानशा पाड्यावरच्या चार होड्यांची मासळी ती किती? वजनाने तुलना केली तर ही दोन ठिकाणे एकमेकांपासून फार दूर आहेत. पण वर्षभराचा आलेख काढा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा दोन्ही ठिकाणी होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर दोन्ही आलेख वर चढतात. चढउतारांनी तुलना केली तर ती दोन ठिकाणे सख्खी भावंडे ठरतात. पहिल्या तुलनेत आपण अंतर मोजले, दुसरीत सहसंबंध पाहिला. दोन्ही मापे बरोबरच आहेत, मात्र त्यांतून पडणारे गट निराळे आहेत. जनुकांच्या बाबतीत बहुधा दुसरे माप वापरतात, कारण एकाच इशाऱ्यावर चालणारी जनुके एकत्र वरखाली होतात, मग त्यांचे प्रमाण कमीअधिक का असेना.

माप ठरले की पुढची रीत सोपी आहे. सर्वांत जवळची जोडी शोधावी व ती एकत्र बांधावी. मग त्या जोडीला सर्वांत जवळचा कोण ते पाहावे. असे करीत शेवटी सारे एका वंशवृक्षात गुंफले जातात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मायकेल आयसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या पद्धतीने यीस्टच्या व मानवी पेशींच्या जनुकांची मांडणी करून दाखविली. तांबड्या-हिरव्या चौकटींचे त्यांचे चित्र इतके प्रसिद्ध झाले की पुढे कित्येक वर्षे या विषयावरचा निबंध तसल्या चित्रावाचून अपुरा वाटे. दुसऱ्याच वर्षी टॉड गोलब आणि सहकाऱ्यांनी रक्ताच्या तीव्र कर्करोगाचे दोन प्रकार केवळ जनुकांच्या अभिव्यक्तीवरून वेगळे ओळखता येतात हे दाखविले. दुसरी एक रीत आहे, तिच्यात गट किती पाडावयाचे ते आधीच सांगावे लागते. तीन म्हणाल तर तीन मिळतात, पाच म्हणाल तर पाच. येथेच सावध व्हावयास हवे. गट पाडावयास सांगितले की यंत्र गट पाडतेच. मूळ आकड्यांत गट असोत वा नसोत.

ही विद्या परदेशातून आयात झाली असा कोणाचा समज होऊ नये. दोन समूहांमधील अंतर मोजताना मापांचे परस्परसंबंधही हिशेबात धरले पाहिजेत, हा विचार प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडला आणि आजही ते अंतर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या अधिक जवळचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील कोसबे येथे १९०७ साली जन्मलेले कोसंबी आपल्यापैकी अनेकांना प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ठाऊक असतील. परंतु ते मूळचे गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते गणित शिकवीत. १९४३ साली त्यांनी लिहिलेल्या एका निबंधात, असंख्य आकड्यांचा पसारा थोड्या मुख्य दिशांमध्ये कसा आटोपशीर मांडता येईल, याचे गणित आहे. पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तोच विचार मांडला; आज त्या पद्धतीशी तिघांचीही नावे जोडली जातात. हजारो जनुकांचा तक्ता कागदावरच्या दोन अक्षांवर उतरवून रुग्णांचे ठिपके पाहण्याची जी रीत आज सर्वत्र आहे, ती याच कुळातली. १९४४ साली त्यांनी जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्रही दिले आणि आनुवंशिकीच्या पाठ्यपुस्तकांत ते कोसंबींच्या नावानेच शिकविले जाते.

कोसंबींचे आणखी एक काम आमच्या आजच्या विषयाला विशेष उपयोगी आहे. त्यांनी प्राचीन आहत नाणी हजारोंनी तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि हलके होते. त्यामुळे एखादे नाणे हलके भरले म्हणून लगेच ते वेगळ्या टाकसाळीचे ठरत नाही. ते किती काळ बाजारात फिरले हे आधी विचारावे लागते. काळाचा प्रश्न न विचारता नुसत्या वजनावरून नाण्यांचे गट पाडले, तर एकाच टाकसाळीतील जुनी व नवी नाणी दोन राजांची म्हणून नोंदली जातील.

रक्तपेशींच्या गटांबाबत नेमके असेच घडू शकते. फसगतीच्या अशा तीन जागा आम्ही येथे सांगतो.

पहिली जागा योगायोगाची. शंभरात पाच वेळा योगायोगाने चूक होऊ शकेल एवढी सूट देऊन २०,००० जनुके तपासली, तर काहीही फरक नसतानाही सुमारे १,००० जनुके ‘फरकाची’ म्हणून पुढे येतील. १९९५ साली बेंजामिनी आणि हॉचबर्ग यांनी या चुकीला वेसण घालण्याची रीत दिली आणि तशा दुरुस्तीशिवाय आज सहसा कोणी असा हिशेब मान्य करीत नाही.

दुसरी जागा पेशींच्या सरमिसळीची. सभागृहात भजनाचा आवाज वाढला, तर गाणारे तेच राहून त्यांनी स्वर चढविला असेल किंवा गाणारे वाढले असतील. बाहेर उभे राहून नुसत्या आवाजावरून हे सांगता येत नाही. रक्ताचेही तसेच. डेंग्यूमध्ये पांढऱ्या पेशींची एकूण संख्या घटते आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या तरुण पेशी मात्र काही दिवस मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. अशा वेळी एखाद्या जनुकाचे माप वाढलेले दिसले, तर ते जनुक खरोखर जागे झाले की त्या जातीच्या पेशीच वाढल्या, हे वेगळे काढावे लागते. यासाठीच अलीकडे एकेक पेशी सुटी करून मोजण्याचे तंत्र वापरले जाते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१८ साली या तंत्राने डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा विषाणूचा आरएनए प्रामुख्याने बी जातीच्या पेशींत सापडला. सरमिसळ रक्तात ही गोष्ट झाकलेलीच राहिली असती.

तिसरी जागा काळाची, आणि आमच्या त्या तरुण रुग्णाकडे परत नेणारी हीच. इंटरफेरॉनच्या इशाऱ्यावर चालणारी जनुके तापाच्या पहिल्या दिवसांत जोरात असतात आणि पुढे ओसरत जातात. नंतर पेशींच्या वाढीशी व प्रतिपिंडांशी निगडित जनुकांची लाट येते. व्हिएतनाममधील प्रौढ रुग्णांच्या २००७ सालच्या अभ्यासात, रक्तदाब ढासळलेल्या रुग्णांत इंटरफेरॉनशी संबंधित जनुकांचे प्रमाण कमी आढळले. असा निष्कर्ष वाचताना कोणत्याही जाणत्या वाचकाच्या मनात प्रश्न यावा: हे प्रमाण कमी होते म्हणून रुग्ण खालावला, की खालावण्याचा दिवस मुळात उशिराचा असतो म्हणून तोवर ते प्रमाण ओसरले होते? म्हणूनच २०१० साली तेथीलच पुढच्या अभ्यासात लहान मुले व तरुण रुग्ण आजाराच्या पहिल्या ७२ तासांतच निवडले गेले, म्हणजे धोका उद्भवण्याच्या आधी. निकाराग्वातील मुलांच्या २०१२ सालच्या आणि व्हेनेझुएलातील रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासांत त्याच रुग्णाचे रक्त निरनिराळ्या दिवशी तपासले गेले. जनुकांच्या लाटा एकामागून एक कशा येतात आणि दोनतीन दिवसांच्या अंतराने चित्र किती बदलते, हे त्यांतून उघड झाले.

याचा अर्थ काय? समजा, एखाद्या संशोधकाने आमच्या रुग्णालयातील रक्ताचे नमुने नेले आणि त्यांचे दोन ठळक गट पडले. तो आनंदाने जाहीर करील की डेंग्यूचे दोन प्रकार सापडले. प्रत्यक्षात एका गटात लवकर आलेले गावातले रुग्ण असतील आणि दुसऱ्यात उशिरा आलेले कंत्राटी कामगार व पाड्यावरचे आदिवासी बांधव. गट खरा, पण तो आजाराचा नव्हे, रोजंदारीचा आणि रस्त्याचा. सातपाटी आणि त्या लहान पाड्याच्या आलेखांना सारखेपणा आला तो ऋतूमुळे. येथे रुग्णांना सारखेपणा आला तो ते कितव्या दिवशी आले यामुळे. आणि केसपेपरवर पहिल्या दिवसाची तारीखच चुकीची असेल, तर ही गफलत उघडकीस आणण्याचा मार्गही बंद होतो. जी चूक आमच्याकडून एका रुग्णाच्या बाबतीत झाली, तीच बारा लाख आकड्यांच्या तक्त्यात शिरते आणि तेथे ती कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

आज आम्हांला जे मुख्यत्वे सांगावयाचे आहे ते हेच. यंत्र गट पाडू शकते. तो गट कशाचा आहे हे यंत्राला सांगता येत नाही. ते सांगणारी माहिती रुग्णाच्या उशाशी बसून, त्याच्या भाषेत, त्याच्या दिनक्रमाच्या हिशेबाने विचारूनच मिळते.

या संशोधनातून हाती काय लागले, असे आपण विचाराल. बरेच काही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अनेक देशांतील आधीची मोजमापे एकत्र करून २०१९ साली २० जनुकांचा एक संच निवडला आणि कोलंबियातील नव्या रुग्णांवर तो पारखून पाहिला. तीव्र आजाराकडे कोण झुकणार याचा अंदाज त्यातून येऊ शकतो असे दिसले. २०२२ साली हा संच आठ जनुकांपर्यंत आणला गेला. जनुके जितकी थोडी, तितकी साध्या चाचणीची शक्यता अधिक. तालुक्याच्या रुग्णालयाच्या दृष्टीने हे स्वप्न मोठे आहे. पावसाळ्यात खाटा भरलेल्या असताना शंभर तापकऱ्यांतून कोणाला ठेवून घ्यावे आणि कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवावे, हे जर रक्ताच्या थेंबावरून कळले, तर केवढा दिलासा मिळेल! परंतु एका ठिकाणी पाडलेला गट दुसऱ्या ठिकाणी टिकतो की नाही, हीच त्याची खरी कसोटी असते. ज्या लोकांसाठी चाचणी वापरावयाची, त्याच लोकांवर ती पारखली गेली पाहिजे. आमच्या वॉर्डात आज अशी चाचणी नाही आणि ती असल्याचा आव आणणे हा रुग्णांचा घात ठरेल.

गट बदलण्याचा अनुभव आम्हां डॉक्टरांनाही नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९७ सालच्या मार्गदर्शिकेत डेंग्यूचे साधा ताप, रक्तस्रावी ताप आणि रक्तदाबाचा ऱ्हास असे गट होते. त्या चौकटीत न बसणारे, तरीही गंभीर असलेले रुग्ण जगभर आढळू लागले, तेव्हा २००९ साली धोक्याची लक्षणे नसलेला, ती असलेला आणि तीव्र, अशी नवी मांडणी करण्यात आली. पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, ग्लानी किंवा अस्वस्थता, यकृताची वाढ, रक्त घट्ट होत जाणे आणि त्याचबरोबर प्लेटलेटची झपाट्याने घसरण ही ती धोक्याची लक्षणे. म्हणजे वर्गीकरण माणसानेच केले आणि रुग्णाला उपयोगी पडेना तेव्हा माणसानेच ते मोडून पुन्हा केले. जनुकांच्या गटांनाही हाच न्याय लागू आहे.

तर मग आपल्यासारख्या रुग्णालयाने काय करावे? त्या प्रसंगानंतर आम्ही केसपेपरवरील ‘किती दिवस ताप’ हा प्रश्न काढून टाकला. त्या जागी ‘तापाचा पहिला दिवस’ असे लिहून वार आणि तारीख यांसाठी चौकट ठेवली. ही चौकट भरण्याचे काम आमच्या परिचारिका भगिनींनी आपले म्हणून स्वीकारले आणि ते करताना विचारण्याच्या नव्या रीती त्यांनीच शोधल्या. कामगाराला त्या विचारतात, “अंग पहिल्यांदा कसकसले तेव्हा पाळी दिवसाची होती की रात्रीची? सुट्टीच्या आधी की नंतर?” पाड्यावरून आलेल्या बाईला विचारतात, “आठवड्याच्या बाजाराला गेलीस, तेव्हा ताप होता का, माय?” तारीख ठाऊक नसली तरी बाजाराचा दिवस सर्वांना ठाऊक असतो. “पहिली गोळी कधी घेतली?” हा प्रश्न तर सर्वांत उपयोगी ठरला आहे. या चौकटीला खर्च कागदावरच्या एका ओळीचा आला. ताप उतरलेल्या रुग्णाला घरी पाठविण्याआधी आता प्रत्येक डॉक्टर त्या चौकटीकडे पाहतो आणि शंका आली तर रुग्णाला रात्रभर ठेवून घेतो, नाडी व रक्तदाब पाहतो, हिमॅटोक्रिट पुन्हा करतो.

दुसरी गोष्ट संशोधनाच्या दाराशी तयार राहण्याची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. एकीकडे १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र व मोठी औद्योगिक वसाहत, दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगर, मध्ये मच्छीमार, वाडीवाले आणि परप्रांतांतून आलेले कामगार, असा लोकसमूह एका जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी असेल. चाळींत पाण्याची पिंपे भरून ठेवावी लागतात तोवर डासांची पैदासही राहणार. विषाणूंच्या अभ्यासासाठी १९५२ साली स्थापन झालेली संस्था पुण्यात आहे आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आपल्याच जिल्ह्यात डहाणू येथे आहे. त्यांच्यासारख्या संस्थांनी उद्या या भागातील तापांचा अभ्यास करावयाचे म्हटले, तर यंत्रे त्यांची असतील. विश्वासार्ह नोंदी मात्र आपल्यालाच द्याव्या लागतील. त्या नोंदींत पहिल्या दिवसाची तारीख असावी, रक्त कोणत्या तारखेला व किती वाजता घेतले ते असावे, पांढऱ्या पेशींची विभागणी असावी आणि शेवटी रुग्णाचे काय झाले तेही असावे. बरा होऊन घरी गेलेल्या रुग्णाची नोंदही गंभीर रुग्णाच्या नोंदीइतकीच काळजीने ठेवावी, कारण तुलना नेहमी दोघांची होते.

तिसरी गोष्ट संमतीची. रुग्णाचे रक्त उपचारासाठी घेणे वेगळे आणि अभ्यासासाठी ठेवणे वेगळे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. वारली बोलणाऱ्या आजोबांपुढे मराठी छापील कागद ठेवून त्यांचा अंगठा उमटवून घेणे याला आम्ही संमती मानत नाही. त्यांच्या बोलीत समजावून सांगावे, विचार करण्यास वेळ द्यावा, आणि त्यांनी नाही म्हटले तर उपचारांत तसूभरही फरक पडू नये. गरीब माणसाचे रक्त स्वस्त नसते, हे धर्मादाय संस्थेने तरी कधी विसरू नये.

हितचिंतक हो, देणगीदारांपुढे बोलताना नव्या यंत्राचे नाव घ्यावे अशी अपेक्षा असते. यंत्रे आम्हांलाही हवीच आहेत. परंतु आज आम्ही आपल्याकडे जे मागतो ते सोपे आहे आणि त्यामुळेच कठीण आहे. कारखान्यांच्या व्यवस्थापकांनो, तापाने फणफणलेल्या कंत्राटी कामगाराला पहिल्याच दिवशी, रोज न कापता, दवाखान्यात पाठवा. चाळमालकांनो, पिंपांना झाकणे द्या. कुटुंबीयांनो, घरात कोणाला ताप आला की भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेभोवती खूण करा. डॉक्टरांनी न विचारताही ती तारीख सांगा. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. पोट दुखले, उलटी थांबेना, हातपाय गार पडले तर रात्र असली तरी या. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

ज्येष्ठ विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. हजारो जनुकांच्या गटांशी आपल्या रुग्णालयाचा संबंध आहे तो केसपेपरवरच्या एका चौकटीपुरता. पण तीच चौकट रिकामी राहिली तर गणित कितीही उत्तम असो, ते चुकीच्या जागी नेईल. आणि एखादा तरुण गोळ्यांची पुडी घेऊन, ताप उतरल्याच्या समाधानात, आमच्या दारातून बाहेर पडेल. तो पुन्हा तसा बाहेर पडू नये, एवढ्यासाठी हे व्याख्यान.